प्रबंध आपलाच राहावा म्हणून: पीएच.डी. करणाऱ्यांसाठी, प्रश्नापासून व्हायवापर्यंत

विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं प्रबंधांचं कपाट उघडा. जाड बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि एकामागून एक शीर्षकांच्या शेपटाला तेच शब्द: 'एक चिकित्सक अभ्यास', 'एक विश्लेषणात्मक अभ्यास'. आतली भाषा अशी की लिहिणारा बीडचा की बेळगावचा, काही कळू नये. याच माणसाला कॅन्टीनमध्ये बोलतं केलं तर आपल्या विषयातलं त्याला किती बारीक कळतं हे पाच मिनिटांत लक्षात येतं. प्रबंधात मात्र तो सापडत नाही.

तो हरवतो त्याचं कारण बहुतेक वेळा नोंदींत असतं. कुठलं वाक्य पुस्तकातलं, कुठलं गावातल्या माणसाचं, कुठलं आपलं आणि आपलं मत कधी व का बदललं, याचा माग ठेवलेला नसला की चौथ्या वर्षी लिहायला बसल्यावर हातात नुसता गोळा राहतो. मग त्या गोळ्याला छापील भाषेचा मुलामा द्यावा लागतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांत वहीला जागा जास्त आहे आणि अर्ज-फॉर्मला कमी. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांत महाराष्ट्रात पीएच.डी. करणारे, त्यातही घरात संशोधन करणारे आपणच पहिले असलेले वाचक समोर धरले आहेत.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवू: फड पद्धत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी सोडायला पाटकरी. या पद्धतीवर कोणी संशोधन करू पाहतंय असं समजा.

१. आधी प्रश्न, मग विषय

'धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीचा अभ्यास' हा विषय आहे, प्रश्न नाही. 'नांदेड जिल्ह्यातील महिला बचत गटांचा अभ्यास' हाही तसाच. ओळखायची खूण सोपी: नांदेड खोडून सांगली घाला आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पुन्हा वाचा. एकही परिच्छेद बदलावा लागला नाही, तर त्यात ना नांदेड आहे ना तुम्ही.

पंधरा दिवस रोज दोन प्रश्न वहीत लिहा. पूर्ण वाक्यात, प्रश्नचिन्हासकट. तीस झाले की काट मारायला बसा. ज्यांचं उत्तर एखाद्या सरकारी अहवालात आयतं मिळेल ते काढा. ज्यांचं उत्तर 'हो, हे फार महत्त्वाचं आहे' एवढंच निघेल ते काढा. ज्यांना वीस गावं आणि दहा वर्षं लागतील तेही काढा. उरलेल्या तीन-चारांपैकी एखादा असा असू शकतो: 'विहिरी वाढल्यावर फडातला एकाच पिकाचा नियम आधी कोणी मोडला, आणि बाकीच्यांनी तो का चालवून घेतला?' यात कोण, केव्हा, का हे तिन्ही आहेत, आणि उत्तर उलटं निघायलाही वाव आहे.

हा प्रश्न तीन माणसांना ऐकवा: एक तुमच्या विषयातला, एक दुसऱ्याच विषयातला, आणि एक त्या गावातला. तिसऱ्याचं मत सगळ्यांत कामाचं. 'यात काय विचारायचं?' म्हणून त्याने दोन वाक्यांत उत्तर देऊन टाकलं, तर प्रश्न लहान आहे. तो शेजाऱ्याशी वाद घालायला लागला, तर प्रश्नात जीव आहे.

याच सुमाराला एक पान स्वतःसाठी लिहून ठेवा: या प्रश्नाशी माझं नातं काय? माझ्या घरची जमीन त्या पाटाखाली आहे का? कोणाच्या बाजूने माझं मन आधीच झुकलंय? कोणती जात, कोणता वाडा, कोणता पक्ष माझ्याशी मोकळा बोलेल आणि कोण दारातूनच परतवेल? हे पान कोणाला दाखवायचं नाही, पण तारीख घाला. दोन वर्षांनी संशोधनपद्धतीवरचं प्रकरण लिहिताना तेच सगळ्यांत उपयोगी पडतं. गावचाच असणं हा फायदा आहेच. पण गावच्या माणसाला काही गोष्टी इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या लिहाव्यात हेच त्याला सुचत नाही.

२. आधी कोणी काय केलंय

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं 'शोधगंगा' हे पहिलं ठिकाण. पण त्यावर नुसता शब्द टाकून शोधलं आणि काही आलं नाही, म्हणजे काम झालेलं नाही असं समजू नका. जुने मराठी प्रबंध पुष्कळदा स्कॅन केलेले असतात किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्यांतला मजकूर शोधयंत्राला वाचताच येत नाही. म्हणून विद्यापीठ, मग विभाग असं शिरून शीर्षकांची यादी डोळ्यांनी वाचायची. शब्दही फिरवून टाकायचे: फड, फडपद्धती, बंधारा, पाटबंधारे, ऱ्हस्व-दीर्घाचे दोन्ही पर्याय. इंग्रजीत फडचं स्पेलिंग 'पीएच'नेही होतं आणि 'एफ'नेही. अशी एक सबंध दुपार घालवली की नंतरचं एक वर्ष वाचतं.

छापील जुनी साधनंही पाहा. फडाच्या बाबतीत मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८० सालचा खानदेश खंड वगळून चालणार नाही. त्यातली माहिती जशीच्या तशी खरी मानू नका. कोणत्या अधिकाऱ्याला, कोणत्या कामासाठी, कोणी सांगितलेली माहिती आहे हा विचार सोबत हवा. महसुली कागद पुण्या-मुंबईच्या पुराभिलेखागारांत शोधावे लागतील आणि एकोणिसाव्या शतकातले बरेच मोडीत असतील. मोडीचा अभ्यासवर्ग पहिल्याच वर्षी करा. तिसऱ्या वर्षी दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलं की त्याच्या चुका तुमच्या नावावर पडतात.

पैशांचं थोडक्यात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला) ४२,००० रुपये असा दर आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिराती, अटी आणि तारखा दरवर्षी त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका.

३. गाइड

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी एका वेळी असू शकतात. जागा रिकामी आहे का हे विचारलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. त्याहून महत्त्वाचं, सरांच्या किंवा मॅडमच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना चहाला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: दिलेलं प्रकरण किती दिवसांनी परत येतं, त्यावर खुणा असतात की नुसतं 'ठीक आहे', आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा जरा थांबला, तर उत्तर मिळालं असं समजा.

गाइडशी मतभेद होणारच. आपल्याकडे 'सर म्हणतात ना' या तीन शब्दांवर कितीतरी प्रबंधांची दिशा ठरते. तोंडावर वाद घालायची गरज नसते. वाद पुराव्यावर न्यायचा. प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल पाठवा: काय ठरलं, मी काय करणार, कधीपर्यंत. पटलं नसेल तर पुढच्या भेटीत असं बोलता येतं: 'सर, तुम्ही सुचवलं तसं मी पावसामुळे पीक बदललं का ते पाहिलं. बत्तीस खातेदारांपैकी एकोणीस जणांनी चांगल्या पावसाच्या वर्षीच नियम मोडलाय. म्हणून विहिरीचं कारण आधी तपासू का?' यात हो किंवा नाही म्हणायला सर मोकळे राहतात आणि तुमची बत्तीस खाती टेबलावर राहतात.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएच.डी. करत होत्या. मार्गदर्शक होते ओयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता वंशानुसार बदलते का, हे पाहायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात त्याच्या म्हणण्याविरुद्ध. त्यांच्याजवळ मोजमापं होती आणि ती त्यांनी स्वतः घेतली होती. गाइडसमोर आपलं म्हणणं टिकवायचं असेल तर हीच शिदोरी लागते.

४. वही: कोणाचं वाक्य कोणाचं

वाङ्मयचौर्य ठरवून करणारे असतात, पण नकळत करणारे त्याहून जास्त असावेत. ते घडतं असं: जून महिन्यात पुस्तकातला परिच्छेद आवडला, वहीत उतरवला, अवतरणचिन्हं घालायची राहिली. फेब्रुवारीत वही उघडली तर अक्षर आपलं, वाक्य छान. 'वा, मी हे लिहिलं होतं की!' आणि ते प्रबंधात गेलं.

यावर उपाय तीन खुणांचा. वहीत किंवा संगणकावर प्रत्येक टिपणाच्या आधी 'उ', 'सा' किंवा 'मा' यांतलं एक अक्षर.

'उ' म्हणजे उतारा. शब्द न् शब्द मूळचा, अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. पान क्रमांक नसलेला उतारा वहीत येऊ द्यायचा नाही. नंतर शोधण्यात अर्धा दिवस जातो.

'सा' म्हणजे सारांश, आणि तो पुस्तक मिटून लिहायचा. एक भाग वाचून झाला की पुस्तक बंद करा, उठून पाणी प्या, दहा मिनिटांनी पाच ओळी लिहा. मग उघडून ताडून पाहा. समोर पुस्तक उघडं ठेवून केलेला सारांश हा सारांश नसतो. तो शब्द बदललेला उतारा असतो, आणि तुमच्या वाक्याला त्या लेखकाचीच चाल लागते.

'मा' म्हणजे माझं. शंका, भांडण, 'हे आपल्याकडे लागू पडत नाही, कारण…'. तारखेसह. आठवड्याच्या शेवटी मोजा. वीस 'उ' आणि एकही 'मा' नसेल तर तुम्ही वाचन करत नाही, नक्कल उतरवताय.

भाषांतराचं वेगळं सांगायला हवं, कारण मराठी प्रबंधांत खरी गोम तिथे आहे. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणून संदर्भ न देता घातला, तर सॉफ्टवेअर बहुधा पकडणार नाही. पण ती चोरीच आहे. भाषांतरित उताऱ्यालाही अवतरणचिन्हं, पान क्रमांक आणि तळटीपेत 'भाषांतर प्रस्तुत लेखकाचे' एवढं हवं. एखाद्या संज्ञेला मराठी शब्द घडवला असेल तर तो तुम्ही घडवला की परिभाषाकोशातून घेतला, हेही एका ओळीत सांगा.

संदर्भ ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. मराठी नावं घालताना आडनाव कोणतं हे स्वतः भरा, नाहीतर यादी पहिल्या नावाने लागते. संदर्भशैली इंग्रजी असली की मराठी नोंदीतही दोन लेखकांच्या मध्ये 'अँड' डोकावतो. ते शेवटी हाताने तपासावं लागतं. आणि पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर पुढे शोधता येत नाही, तपासता येत नाही, आणि रूपांतरात जोडाक्षरांची वाट लागते ती वेगळीच.

५. गावात

वहीचं डावं पान पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींना, उजवं आपल्या विचारांना. नमुन्यादाखल एक पान असं दिसेल:

डावीकडे: 'सकाळी ७.१०. बंधाऱ्याच्या तोंडाशी चार जण. पाटकरी (वय सांगत नाही, 'बहात्तरला बैल वळायचो') म्हणाला, यंदा तिसऱ्या फडाला पाणी उशिरा. का ते सांगितलं नाही. बाजूचा माणूस हसला.'

उजवीकडे: 'उशिरा म्हणजे किती दिवस? हसण्याचं कारण? तिसऱ्या फडातले खातेदार कोण, सातबारा पाहणे. पाटकऱ्याला एकटं गाठणे.'

'पाटकऱ्यांमध्ये पाणीवाटपाबाबत असंतोष दिसून आला' असं एकच वाक्य लिहिलं असतं तर हसणारा माणूस कायमचा गेला असता. असंतोष हा शब्द त्यांच्यापैकी कोणी उच्चारलेलाही नाही.

मुलाखतीचं टिपण त्याच रात्री पूर्ण करा. एका तासाचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, त्यामुळे एका दिवशी दोनपेक्षा जास्त मुलाखती ठेवू नका. बोली सुधारू नका. साक्री तालुक्यातला माणूस अहिराणीत बोलला तर अहिराणीच लिहा आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. बोलीतलं क्रियापद प्रमाण करताना कोणी केलं, कधी केलं, याची छटा हरवते, आणि तुमचा प्रश्न नेमका त्याच छटेवर उभा असतो. संमती मराठीत, सोप्या चार वाक्यांत घ्या: मी कोण, हे कशासाठी, नाव छापणार की नाही, आणि मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल. सही करायला लोक बिचकतात, कारण कोऱ्या कागदावरच्या सहीने जमिनी गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. ध्वनिमुद्रणात तोंडी संमती चालेल का, हे आपल्या विद्यापीठाकडून आधीच विचारून घ्या.

वय विचारलं की आकडे पन्नास, पंचावन्न, साठ असे येतात. लोक खोटं बोलत नाहीत, अंदाज सांगतात. 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय करत होता?' हा प्रश्न वयाच्या रकान्यापेक्षा कितीतरी खरं सांगतो.

प्रश्नावली असेल तर आधी आठ-दहा जणांवर चालवून पाहा. इंग्रजीतून उचललेली 'पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ' अशी पट्टी गावात चालत नाही. 'तटस्थ' म्हणजे 'मला त्यात पाडू नका' असा अर्थ घेतला जातो. पट्टीऐवजी दोन शेजाऱ्यांची गोष्ट सांगा, एकाने नियम मोडला, दुसऱ्याने नाही, आणि कोणाचं बरोबर ते विचारा.

आणि नको तीही गोष्ट सांगून टाकू. प्रश्नावल्या घरी बसून भरल्या जातात. तीनशेचा नमुना मंजूर झालेला असतो, एकशे दहा मिळतात, मुदत जवळ येते. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, ते उघडं पडतं: एकाच पेनाची शाई, एकही प्रश्न रिकामा न सोडलेले तीनशे फॉर्म, आणि कोणी काहीही चुकीचं समजून घेतलेलं नाही! खऱ्या फॉर्मवर खाडाखोड असते. एकशे दहाच मिळाले तर एकशे दहा लिहा, का मिळाले नाहीत ते दोन परिच्छेदांत सांगा आणि नमुना बदलल्याची नोंद संशोधन सल्लागार समितीपुढे करून घ्या. नकारांची यादी हीसुद्धा माहिती असते. कोणत्या वाड्यातून नकार जास्त आले?

वहीच्या शेवटची दहा पानं 'न जुळणारं' या नावाने राखून ठेवा. तुमच्या गृहीतकाला छेद देणारं प्रत्येक वाक्य, प्रत्येक आकडा तिथे. ती पानं कोरी राहिली तर गृहीतक बरोबर आहे असं समजू नका. विचारायची माणसं चुकली असण्याची शक्यता जास्त.

६. सहा महिन्यांची समिती

नियमाप्रमाणे दर सत्रात एकदा सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. बरेच जण तिथे गुळगुळीत स्लाइड घेऊन जातात. एक स्लाइड 'काय चुकलं' यासाठी ठेवा: कोणता अंदाज चुकला, त्यामुळे काय बदललं. समितीच्या कार्यवृत्तात तो बदल नोंदला गेला की पुढे 'सिनॉप्सिसमध्ये तर वेगळं होतं' हा आक्षेप उरत नाही. पीएच.डी.ची मुदत कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत, आणि महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. ही रजा मागायला संकोच नको.

७. लिहिणं

आधी हिशेब. रोज ३०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे: ७२,००० शब्द. मध्यम आकाराचा प्रबंध. नोकरी करणाऱ्याला हे दीड तासात बसतं, तेही सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. 'सगळं वाचून झालं की लिहीन' म्हणणाऱ्याचं वाचन संपत नाही.

आता भाषा. हे वाक्य पाहा: 'सदर संशोधनाअंती संशोधकाच्या असे निदर्शनास आले आहे की, फड पद्धतीतील पीक नियमनाचे उल्लंघन मोठ्या प्रमाणावर झालेले दिसून येते.' कोणी मोडला नियम? कोणी पाहिलं? 'मोठ्या प्रमाणावर' म्हणजे किती? आता हे: 'एकाच पिकाचा नियम पहिल्यांदा मोडला तो स्वतःची विहीर असलेल्या सात खातेदारांनी. पाटकऱ्याने ते मला सांगितलं, तलाठ्याच्या पीकपाहणीत ते दिसतं, फडाच्या पंचांच्या वहीत मात्र त्याची नोंद नाही.' दुसऱ्या वाक्यात शिक्षा होऊ शकेल इतकी जबाबदारी आहे. पहिलं लिहिण्याचा मोह होतो तो त्यामुळेच.

मराठीत आपल्याला एक सोय आहे जी आपण वाया घालवतो: आढळलं, दिसलं, सांगितलं, म्हणतात, वाटतं. या प्रत्येकाचा पुरावा वेगळा. मोजलं असेल तर 'आढळलं'. डोळ्यांनी पाहिलं तर 'दिसलं'. एका माणसाकडून कळलं तर 'सांगितलं'. गावात बोललं जातं तर 'म्हणतात'. आणि तुमचा तर्क असेल तर सरळ 'वाटतं'. प्रकरणाचा कच्चा खर्डा झाला की प्रत्येक 'दिसून येते' शोधा आणि या पाचांतला नेमका शब्द घाला. सुरुवातीला चिडचिड होते, कारण निम्म्या ठिकाणी आपल्याजवळ नेमकं काय आहे हेच कळत नाही. ती ठिकाणं म्हणजे पुन्हा गावात जायची यादी.

'मी' वापरावा की 'प्रस्तुत संशोधक'? काही गाइडना 'मी' चालत नाही. त्यावर हट्ट धरण्यात अर्थ नाही. कर्ता लपला नाही म्हणजे झालं. 'प्रस्तुत संशोधकाने तीन दिवस पंचांच्या बैठकीत बसून नोंदी घेतल्या' हेही स्पष्ट वाक्य आहे. शब्दांच्या बाबतीत जास्त आग्रही राहा. लोक 'पाटकरी' म्हणत असतील तर 'जलवितरण कर्मचारी' लिहू नका. प्रबंध इंग्रजीत असेल तरी फड, पाटकरी, बंधारा हे शब्द तसेच ठेवा, पहिल्या वापराला अर्थ द्या आणि शेवटी शब्दसूची जोडा. भाषांतर केलं की तो माणूस सरकारी नोकर होतो.

प्रत्येक प्रकरण एकदा मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करा आणि चालताना ऐका. धाप लागते तिथे वाक्य तोडा.

८. टक्केवारी आणि यंत्र

प्रबंधातला मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं, आणि २०१८ च्या यूजीसी नियमांत या साम्याचे टप्पे आहेत. १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांतले आणि रीतसर संदर्भ दिलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजणीतून वगळायचे असतात. अहवालात ते वगळलेत का, हे स्वतः पाहा.

मराठी प्रबंधाला ३ टक्के आले म्हणून पेढे वाटू नका. यंत्राजवळ तुलनेला मराठी मजकूर थोडा असतो. उलट २२ टक्के आले तर 'हे' चं 'सदर' आणि 'म्हणून' चं 'सबब' करत बसू नका. तिथे एक तर अवतरणचिन्हं हवीत, नाहीतर पुस्तक मिटून पुन्हा लिहायला हवं.

एआय साधनांबद्दल विद्यापीठाचा नियम असेल तो पाळायचाच. त्यापलीकडे व्यवहारातली गोष्ट अशी की ही साधनं अस्तित्वातच नसलेली पुस्तकं, लेख, पान क्रमांक बिनदिक्कत देतात, आणि मराठी संदर्भांत तर सर्रास. हातात धरून पाहिला नाही तो संदर्भ सूचीत घालायचा नाही. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी लेखाचा अंदाज घ्यायला वापर केला तर कशासाठी केला ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात लिहा. गावातल्या मुलाखती मात्र अशा साधनांत टाकू नका. माणसाने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं ते आहे. तिसऱ्याच्या हाती द्यायची परवानगी त्याने दिलेली नाही.

९. पेपर

२०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती वेगळी. यूजीसीने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. म्हणजे नियतकालिक चांगलं की वाईट, हे आता तुम्हालाच ठरवायचं आहे. दोन दिवसांत स्वीकृती, शुल्क यूपीआयवर, संपादक मंडळात ज्यांना आपलं नाव तिथे आहे हे ठाऊक नाही असे प्राध्यापक, एकाच अंकात मराठी कविता, मत्स्यशास्त्र आणि जीएसटी: अशा ठिकाणी छापलेला पेपर पुढे मुलाखतीत नडतो. आयएसएसएन असल्याचं कोणी अभिमानाने सांगितलं तर लक्षात ठेवा, तो नोंदणीचा नुसता क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. गेल्या दोन वर्षांतले तीन लेख वाचून पाहा. आपला लेख त्यांच्या शेजारी ठेवायला आवडेल का?

लेखकांची नावं काम सुरू होताना ठरवा, लेख तयार झाल्यावर नको. 'सर, या लेखाची मांडणी आणि लेखन माझं, दुसऱ्या भागातली सैद्धांतिक चौकट तुमची, तर नावं याच क्रमाने देऊ का?' ही मेल लेखाआधी गेली तर साधी विचारणा ठरते. नंतर गेली तर भांडण.

१०. व्हायवा

बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आधी मिळतात. त्यांतली प्रत्येक सूचना एका कागदावर तीन रकान्यांत मांडा: मान्य आणि दुरुस्त केली, मान्य पण या प्रबंधाच्या कक्षेबाहेर, अमान्य आणि का. मांडणी वीस मिनिटांची असेल तर पंधरात संपवा. सगळी प्रकरणं सांगू नका. प्रश्न, तो कसा शोधला, काय सापडलं आणि काय सापडलं नाही.

'हे सगळ्या महाराष्ट्राला लागू होतं का?' हा प्रश्न येतोच. 'नाही. तीन बंधाऱ्यांवरचं हे काम आहे. मोसम खोऱ्यात चित्र वेगळं असू शकतं' हे उत्तर पुरेसं आहे. वाचलेलं नसलेलं पुस्तक परीक्षकांनी विचारलं तर 'मी ते वाचलेलं नाही, मॅडम. त्यातला कोणता मुद्दा इथे लागू होईल असं तुम्हाला वाटतं?' असं म्हणता येतं. वाचल्याची बतावणी केली तर पुढचा प्रश्न त्याच पुस्तकावर येतो. सोबत मूळ वह्या न्या. कोणी विचारतही नाही, पण टेबलावर त्यांचा गठ्ठा असला की बोलण्यात फरक पडतो.

पदवी मिळाली की आठ पानी मराठी पुस्तिका काढा: काय विचारलं, काय कळलं, कोणते आकडे. सांगणाऱ्यांची नावं छापायची की नाही हे त्यांना पुन्हा एकदा विचारून. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक पाटकऱ्याच्या हातात. त्याच्यासमोर बसून ती वाचून दाखवा आणि पेन्सिल जवळ ठेवा. तिसऱ्या पानावर तो थांबवेल आणि म्हणेल, 'असं नव्हतं झालं ते.' ते वहीत डाव्या पानावर, तारखेसह.